डावीकडे अकरा पिसं, उजवीकडे बारा: इंदुरातल्या एका छापखान्याचं प्रकरण

लग्नपत्रिकेवरचा मोर. दोन्ही बाजूंना पिसारा उलगडलेला, वर गणपती, खाली आंब्याच्या पानांचं तोरण. असे मोर बाजारात हजारो आहेत. हा आमचा, हे ओळखायची खूण एकच: डाव्या बाजूला अकरा पिसं आहेत आणि उजव्या बाजूला बारा. २०१६ साली चित्र काढताना एक पीस राहून गेलं. लक्षात आलं तोवर पत्रिका छापून झाली होती, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून तसंच राहू दिलं.

२०२३ ची तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला आणि धारच्या एका छापखानेवाल्याने काकांना व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. सात हजार वेडिंग कार्ड डिझाइन्स, सीडीआर फायली (म्हणजे उघडून बदलता येतील अशा, कोरलड्रॉच्या), फक्त १९९ रुपयांत. खाली नमुन्याची बारा चित्रं, त्यातलं तिसरं आमचा मोर. काकांनी बोटांनी चित्र मोठं केलं आणि पिसं मोजली. मग चष्मा पुसून पुन्हा मोजली.

मी इथल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना कॉस्टिंग शिकवते आणि संध्याकाळी काकांच्या छापखान्याचे हिशेब बघते. वर्गात पायरसीचा विषय निघाला की मुलं दोनच बाजू मांडतात: चोरी ती चोरी, नाहीतर कंपन्या लुटतात म्हणून चालतं. आमच्यावर अशी वेळ आली की एकाच महिन्यात आम्ही दोन्हीकडे उभे होतो. तेव्हा जवळून पाहिलं ते असं, की फुकटची नक्कल बाजाराच्या बाहेर उभी नसते. माल कुणाला विकायचा, किती तुकडे करून, कुठल्या कुलपासकट, हे तीच ठरवत असते. आणि त्यात सगळ्यात आधी मरतो तो मधला, रास्त भावाचा व्यवहार. हे प्रकरण मी त्यासाठी लिहून काढलं आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, आकडे आमच्या वहीतले आहेत.

‘टाकून मिळायचं’

छापखाना रामबागेजवळ. १९८७ साली आजोबांनी एका ट्रेडल मशीनवर सुरू केला, तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवायचे. आता दोन ऑफसेट मशीन, एक फ्लेक्सचं आणि चार कॉम्प्युटर आहेत. लग्न-मुंजीच्या पत्रिका, मराठी मंडळांचे अहवाल, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, दुकानांची बिलबुकं अशी कामं. मराठी मजकूर नीट छापून देणारे छापखाने इंदुरात थोडे उरलेत. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ हिंदीत वाढलेल्या कंपोझिटरच्या हाताला येत नाहीत. ‘कऱ्हाडे’ आडनाव ‘कर्हाडे’ होऊन छापलं जातं आणि वधूपिता दुकानात येऊन उभा राहतो. काकांच्या नजरेतून असं काही सुटत नाही. आमचं खरं भांडवल ती नजर, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला कॉम्प्युटर १९९८ साली आला. तो जोडून देणाऱ्यानेच विंडोज, पानं लावायचं पेजमेकर, डिझाइनचं कोरलड्रॉ, फोटोशॉप सगळं ‘टाकून’ दिलं. हाच शब्द होता. पंखा घेतला की पाती बरोबर येतात, तसं. पुढे नवी आवृत्ती आली की जेल रोडवर दीडशे रुपयांना सीडी मिळायची. यात कुणाचं काही बुडतंय असं घरात कुणालाच वाटलं नाही. आजोबा तर सचोटीचे इतके, की कागदाच्या रिमात दोन ताव जास्त निघाले तर व्यापाऱ्याला परत करायचे. पण कागद हातात धरता यायचा. सॉफ्टवेअरचं काय कमी होतंय, हे दिसत नव्हतं.

आमचा मुख्य ऑपरेटर, ज्याला सगळा छापखाना इंदुरी रिवाजाने ‘भिया’ म्हणतो, त्याने २००१ मध्ये राजवाड्याजवळच्या एका क्लासात तीन महिन्यांचा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचा, कोर्स केला. क्लासातल्या सगळ्या मशीनवरही नकलाच. त्याच्या बॅचची मुलं आज शहरातल्या निम्म्या डिझाइनच्या टेबलांवर बसलेली आहेत, असं तो सांगतो. पुस्तकी भाषेत याला प्रशिक्षणाचा खर्च म्हणतात. त्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पदरचा एक पैसा न जाता इंदुरात त्यांचे कारागीर तयार झाले. उद्या कुणी पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं तर तो तेच घेणार, कारण हात त्यावरच बसलेले.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून, तुम्ही आमचं बेसिक हे सॉफ्टवेअर चोरता, असं सुनावलं होतं. त्याच गेट्स यांनी १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना उघड सांगितलं, की तिथले लोक चोरणारच असतील तर आमचं चोरावं, त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढच्या दशकात कधीतरी वसुली कशी करायची ते आम्ही शोधून काढू. बावीस वर्षांत तक्रारीचं धोरण झालं. बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. तिच्या पाहणीत २०१७ साली भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना असल्याचा अंदाज निघाला. आकडा कंपन्यांच्याच बाजूचा आहे, हे धरून वाचावा. तरी आमच्या बाजारापुरतं म्हणाल तर मला तो कमीच वाटतो.

नकलेने बाजार कसा घडतो, हे आमच्या कपाटात ठेवलेलं आहे: फॉन्टची गोष्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी लॉकसकट यायची. कॉम्प्युटरच्या मागे बोटभर ठोकळा लावायचा, तो नसेल तर मराठी उमटायचंच नाही. काकांनी २००१ मध्ये पुण्याहून ती रीतसर पावतीने आणली, आणि छापखान्यातलं वेगळे पैसे मोजून घेतलेलं ते एकमेव सॉफ्टवेअर. लॉक होतं म्हणून विकत घेतलं, हे काका प्रामाणिकपणे मान्य करतात. उलट कृतिदेव हा हिंदी फॉन्ट एका फ्लॉपीवर मावायचा आणि हातोहात जायचा. क्लासात कृतिदेव, सायबर कॅफेत कृतिदेव, हिंदी पट्ट्यातल्या कितीतरी सरकारी टायपिंग परीक्षा कृतिदेववर. आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा कृतिदेव शिकून यायचा, श्रीलिपी कुणालाच येत नसायची. अखेर लॉक कपाटात गेलं आणि मराठी पत्रिकासुद्धा कृतिदेवमध्ये होऊ लागल्या. अक्षरं काय लायकीची आहेत, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. जे फुकट फिरलं ते नियम झालं.

त्याची किंमत पुढे वीस वर्षांनी मोजावी लागली. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘विवाह’ दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात एफ, ओ, ओ, के, जी ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढला की मजकुराचा चिखल होतो.

पीथमपूरचं कागदपत्र

जाहिरात पाहून आठ दिवस झाले नसतील, तेवढ्यात दुसरं घडलं. इंदुराजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कंपनीचं काम मिळत होतं: गोळ्यांच्या खोक्यात घडी करून घालतात ती माहितीपत्रकं. सीझन नसतानाही मशीन चालू राहील असं बारमाही काम. त्यांनी पुरवठादाराचा फॉर्म पाठवला. अग्निशामक यंत्र, जीएसटी, कामगारांचा विमा, आणि सतराव्या ओळीत: डिझाइनसाठी वापरत असलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची प्रत जोडा.

काकांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “यात काय लिहायचं ते तू सांग.”

सतरावी ओळ कुणा इन्स्पेक्टरने टाकलेली नव्हती. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला विचारलेला तो प्रश्न होता. सॉफ्टवेअरची वसुली आज अशीच होते. घरात, क्लासात, गल्लीतल्या दुकानात कुणी बघत नाही. जीएसटी नंबर आला, मोठ्या कंपनीशी व्यवहार आला, की बिल मागितलं जातं. म्हणजे एकाच मालाचे दोन भाव झाले: लहान आहात तोवर शून्य, आणि मोठे व्हायला निघालात की पूर्ण. मधला भाव कुणी ठेवलाच नाही. ज्याला वर्षाला चार-पाच हजार देऊन सुखाने झोपायचं होतं, त्या माणसाला या बाजारात पंचवीस वर्षं कुणी गिऱ्हाईक समजलं नाही, आणि तो माणूस म्हणजे आमचे काका. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. नक्कल वापरली ही चूक आमचीच, पण रास्त दारही कुणी उघडं ठेवलं नव्हतं.

वकिलांच्या खोलीत

काकांचे एक शाळासोबती जिल्हा कोर्टात वकिली करतात. मोराची तक्रार घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते काकांना आधी फार आवडलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३: जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. चित्राची नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो. शिवाय २० मे २०२२ रोजी निट प्रोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलेला, त्यामुळे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात.

मग त्यांनी पान उलटलं. कलम ६३ ब: नक्कल आहे हे माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड तोच. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. “तुझा तर धंदाच आहे,” वकीलकाका म्हणाले. “मोराची फाइल कशात केली हे पोलिसांनी विचारलं तर काय सांगशील?”

काका बराच वेळ बोलले नाहीत. घरी येताना गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाले, की आपण फिर्यादीही आणि आरोपीही.

वकिलांनी आणखी एक प्रश्न टाकला होता, आणि माझ्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा: मोर मुळात कुणाचा? आमच्याकडच्या २१२ डिझाइन्सपैकी ९० देवासच्या एका मुलीने काढलेल्या. ती आमच्या पगारावर नव्हती. आम्ही सांगून, पैसे देऊन काढून घेतलेली चित्रंही ती नव्हेत. ती आपली आपण काढून आणायची, आम्ही आल्बममध्ये लावायचो आणि फाइल विकली गेली की तिला साठ रुपये द्यायचो. लेखी काहीच नाही. कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा असतो, पण ती नोकर नव्हती. आणि कलम १९ म्हणतं, हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी हवा, कोणत्या कामाचा, किती रकमेला, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात. आमच्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. मोर तिचा होता. सात वर्षं आम्ही ‘आमचा मोर’ म्हणत आलो.

तिला फोन मी केला. १९९ च्या जाहिरातीबद्दल सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “ताई, मला माहीत आहे. माझ्याच मावसबहिणीच्या पत्रिकेवर आला तो, खरगोनला.”

दोन आठवडे वही घेऊन

आधी सॉफ्टवेअरचं. विक्रेत्याकडून चारही मशीनसाठी भाव मागवला: वर्षाला एक लाख अठरा हजार. काकांनी तो कागद उलटा करून ठेवला. मी त्यांना म्हटलं, दोन आठवडे द्या. रोज संध्याकाळी पाच ते आठ भियाच्या मागे स्टुलावर बसून कुठल्या मशीनवर काय होतं ते लिहीत गेले. कॉस्टिंग शिकवणाऱ्या माणसाला दुसरं येतं तरी काय. पण ते इथे कामाला आलं.

डिझाइनचं खरं काम एकाच मशीनवर होतं, भियाच्या. दुसऱ्यावर फक्त मजकूर टाइप करणं आणि प्रूफ काढणं. तिसऱ्यावर बिलं आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फायली उतरवणं. चौथं फ्लेक्सच्या मशीनला जोडलेलं, त्याचं छपाईचं सॉफ्टवेअर मशीनबरोबरच रीतसर आलेलं. म्हणजे चार मशीनवर चार महागड्या पॅकेजच्या नकला होत्या, पैकी तीन विनाकारण. फुकट मिळतं म्हणून सगळीकडे टाकलेलं. विकत घ्यावं लागलं असतं तर पहिल्याच दिवशी हा हिशेब झाला असता. नकलेने पैसे वाचवले असं आम्ही समजत होतो. तिने गरज मोजायची सवयच लागू दिली नव्हती.

ठरलं ते असं. भियाच्या मशीनला डिझाइनचा रीतसर परवाना, फोटोचं सॉफ्टवेअर फक्त सीझनच्या महिन्यांपुरतं वर्गणीने. बाकी मशीनवर फुकट मिळणारी मुक्त सॉफ्टवेअर: टायपिंगला लिब्रेऑफिस, चित्रांना इंकस्केप आणि पानं लावायला स्क्रायबस, ज्याची १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि जी देवनागरी जोडाक्षरं नीट लावते. अक्षरांसाठी मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट, ज्यांत फाइलच्या पोटातही मराठी अक्षरंच असतात: मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका. यातला एकही फॉन्ट चोरावा लागत नाही आणि ‘ऱ्ह’ही नीट उमटतो. पहिल्या वर्षाचा खर्च सदतीस हजारांत बसला.

कागदावर हे सोपं दिसतं. टेबलावर नव्हतं. पहिल्या दिवशी सरावासाठी भियालाच इंकस्केपवर बसवलं. त्याने सवयीने एफ ६ दाबलं. कोरलड्रॉमध्ये एफ ६ म्हणजे चौकोन. इथे पेन्सिल आली आणि पडद्यावर एक वाकडी रेघ उमटली. त्याने ती पुसली, पुन्हा एफ ६, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा झाल्यावर त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. बावीस वर्षं जी बोटं न बघता चालत होती ती अचानक अडाणी झाली. “दीदी, मैं लिखना भूल गया ऐसा लग रहा है,” तो म्हणाला. हे मी कुठल्याच खात्यात टाकू शकले नाही. कंपन्या गिऱ्हाईक बांधतात ते फाइलच्या स्वरूपाने जेवढं, तेवढंच बोटांनी.

मे २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूट या त्यांच्या सॉफ्टवेअर-संचाची पुढची आवृत्ती डब्यात मिळणार नाही, सगळं वर्गणीवर. तेव्हा आमच्या बाजारात कुणाला त्याची झळ लागली नाही, नकला जुन्या आवृत्तीवर चालू राहिल्या. पण विकण्याची वस्तूच बदलली होती. सीडीची नक्कल होते. दर महिन्याला येणारी सुधारणा, ढगात ठेवलेल्या फायली, बरोबर मिळणारे फॉन्ट यांची नक्कल करत बसणं धंदेवाल्याला परवडत नाही. म्हणून वस्तू काढून भाडं आणलं. धंद्याच्या दृष्टीने ही चाल बिनतोड आहे. पण आजोबांचं ट्रेडल १९८७ साली एकदा पैसे मोजून आलं आणि वीस वर्षं चाललं. आज हप्ता चुकला की हत्यार बंद. प्रामाणिक लहान धंदेवाल्याला एकदाच घेऊन टाकायची सोय ठेवणारे विक्रेते कमी कमी होत चालले आहेत, आणि ते दार बंद होण्यात आमच्यासारख्यांच्या नकलांचाही वाटा आहे, हे मला नाकारता येत नाही.

मोराचा भाव

आता दुसरी बाजू. आम्ही डिझाइनच्या फायली देवास, धार, खरगोन, महू इथल्या लहान छापखान्यांना विकायचो, एक फाइल दीडशे रुपये. चांगल्या सीझनला तीनशे फायली, म्हणजे पंचेचाळीस हजार. जाहिरात फिरल्यावरच्या सीझनला चाळीस विकल्या गेल्या. सहा हजार. १९९ रुपयांत सात हजार डिझाइन्स, म्हणजे दर चित्राला तीन पैशांहूनही कमी.

आधी नोटीस पाठवली. १९९ ची ही पेटी विकणारा मेसेजिंग ॲपवरचा चॅनल तीन दिवसांत गेला आणि चार दिवसांनी दुसऱ्या नावाने आला, जाहिरातीत तोच मोर. पुण्याहून चुलतभावाने सुचवलं, फायलींना लॉक लाव, वर आडवं नाव छाप. करून पाहिलं. पण फाइल घेणाऱ्याला त्यात वधूवरांची नावं घालायची असतात. लॉक लावलेली फाइल त्याच्या काय कामाची? ज्याने पैसे दिले त्यालाच अडचण, १९९ वाल्याकडे सगळं उघडं. श्रीलिपीचा ठोकळा मला तेव्हा कपाटात दिसत होता.

काका म्हणाले, भाव पाडू. पंधरा रुपये करू. याला आधार आहे. २००७ च्या सुमारास डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. फुटपाथवरच्या नकली डिस्कला टक्कर द्यायला भावच तिच्या जवळ नेला.  पण त्यांचे डिस्कचे स्वतःचे कारखाने होते आणि गिऱ्हाईक अख्खा देश. आमच्याकडे २१२ डिझाइन्स आणि चार जिल्हे. तीन पैशांच्या जवळ आम्ही कुठून जाणार? पंधरा रुपये केले असते तर नक्कल घेणारा नक्कलच घेत राहिला असता, आणि दीडशेला जाणाऱ्या ज्या चाळीस फायली उरल्या होत्या त्यांचेही पंधराच आले असते.

म्हणून मी फोन घेऊन बसले आणि चौदा जुन्या गिऱ्हाइकांशी बोलले. चौदापैकी नऊ जणांकडे ती १९९ ची पेटी होतीच, लाजतलाजत सांगितलं त्यांनी. पण त्याच नऊ जणांपैकी सहा जण मराठी पत्रिकेचं काम आलं की अजूनही काकांना फोन करत होते. ‘कै.’ कुठे आणि ‘श्री.’ कुठे, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ची ओळ कशी, आजोळची नावं कुठल्या क्रमाने, ‘स्नेहांकित’ नंतर कोण. काका फोनवर दहा-दहा मिनिटं सगळं सांगायचे, फुकट. जे कुणी चोरू शकत नव्हतं ते आम्ही वाटत होतो, आणि जे कुणीही चोरू शकत होतं त्याला दीडशे रुपये लावून बसलो होतो.

फेब्रुवारी २०२४ पासून उलटं केलं. डिझाइन कुठूनही आणा, मजकूर पाठवा. मराठी मजकूर तपासून, पान लावून, प्लेटला जाईल अशी पीडीएफ परत देऊ, एका पत्रिकेचे १२० रुपये. जूनअखेर ३१० कामं झाली. सदतीस हजार दोनशे.

वर्गात हा आकडा मांडला की मुलांना वाटतं, जमलं, नुकसान भरून निघालं. मी त्यांना थांबवते. पंचेचाळीस हजार येत होते तेव्हा काका झोपलेले असले तरी फाइल विकली जायची. सदतीस हजारांतला एकेक रुपया काकांनी डोळे ताणून कमावलेला आहे. एका पत्रिकेला अर्धा तास, आणि काका सहासष्ट वर्षांचे आहेत. आधी एकदा केलेलं काम पुन्हापुन्हा पैसे देत होतं, आता दर वेळी नवं काम. गायकाची कॅसेट खपत नाही म्हणून त्याने गावोगाव कार्यक्रम करायचे, तेच हे. ज्यांना कार्यक्रम करता येतो ते तरतात. ज्याचं सगळं कसब एकदा काढलेल्या रेघेत आहे, त्याला विकायला दुसरं काय उरतं?

देवासच्या मुलीचं तेच झालं. चांगल्या सीझनला फायलींच्या वाट्यातून तिला सात-आठ हजार जायचे, या वेळी हजारही नाहीत. मजकूर तपासणं तिचं काम नाही. आमचा नवा धंदा तिच्या चित्रांवर चालणार आणि तिला त्यातलं काही मिळणार नाही, अशी ती रचना होती. मी काकांना सांगितलं, की हे असंच राहणार असेल तर हिशेब दुसऱ्या कुणाला द्या. घरात त्या रात्री बरंच बोलणं झालं. मार्चमध्ये लेखी करार केला: चित्रांची मालकी तिचीच, आम्हाला पाच वर्षं वापरायची मुभा, आणि तिचं चित्र असलेलं कुठलंही काम आमच्या टेबलावरून गेलं की तिला वीस रुपये. चित्र आमच्याकडून घेतलेलं असो की १९९ च्या पेटीतून आलेलं. काकांनी या शेवटच्या वाक्याला हरकत घेतली होती. दुसऱ्याच्या चोरीचे पैसे आपण का भरायचे? मी म्हटलं, त्या चोरीमुळे आलेलं काम आपण करतो आहोत म्हणून. सही करताना त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

मोराची फिर्याद आम्ही केलेली नाही. पीथमपूरचं काम एप्रिलपासून चालू आहे. सतराव्या ओळीला परवान्याची प्रत जोडली. जुन्या कृतिदेवमधल्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम मात्र अर्ध्यावर आहे. रूपांतर करून झालं तरी प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं, आणि ते डोळेही काकांचेच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात महूहून एक छापखानेवाला स्वतः आला. घाई होती, लग्न आठ दिवसांवर. त्याने पेन ड्राइव्ह काढला आणि भियाला म्हणाला, यात नावं बदलून मजकूर बघून द्या. फाइल उघडली. गणपती, तोरण, मोर. भियाने मागे वळून काकांकडे पाहिलं. काका उठून आले, पडद्यापाशी वाकले, पेनाचं टोक काचेपासून बोटभर अंतरावर धरून डावीकडून मोजायला लागले. अकरापाशी थांबले. मग त्या माणसाला बसायला सांगितलं, मजकुराचा कागद मागून घेतला, आणि मला म्हणाले, “देवासच्या खात्यात वीस लिही.”